करंगळीचं नख

बाबा, आज तुझ्या नातवाच्या पायाला पुन्हा प्लास्टर घातलं. पुन्हा अशासाठी की सरळ झालेला पाय परत आत वळायला लागला होता. तू त्याला पाहिलं नाहीस. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. तो दीड वर्षाचा आहे. नाक तुझं आहे, किंचाळणं तुझं आहे आणि डावा पाय माझा आहे, जन्मतःच आत मुडपलेला, तळवा वर आणि बोटं दुसऱ्या पायाकडे. डॉक्टर म्हणाले, आईबापांपैकी एकाला असं असलं की मुलाला होण्याची शक्यता थोडी वाढते, पण यात दोष कुणाचाच नसतो. हे वाक्य ऐकायला आई तिथे हवी होती असं मला फार वाटलं. माझा पाय पाहून तुझ्या आईने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, की सून ग्रहणात पाय मुडपून गजरे बांधत बसली म्हणून पोरीचा पाय मुडपला. आणि तू बाळंतिणीच्या खाटेपाशी जाऊन आईच्या कानफटात मारलीस. मी तिच्या कुशीत होते. आई हे सांगताना रडत नाही, चिडत नाही. कालच्या आमटीत मीठ जास्त पडलं होतं अशा सुरात सांगते आणि पुढच्या कामाला लागते.

कोयत्याची गोष्टही तिनेच सांगितलेली. मी तेव्हा काही महिन्यांची होते, तरी डोळे मिटले की ती मला दिसते. आई मला दर आठवड्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जायची. डॉक्टर पाय हाताने थोडा सरळ करून प्लास्टर घालायचे, पुढच्या खेपेला ते काढून आणखी थोडा. पावसाळ्यात ते प्लास्टर ओलं व्हायचं, मुताने भिजायचं, कुबट वास मारायचं, आणि मी दिवसभर रडायचे. तुझा सगळा राग त्या पांढऱ्या प्लास्टरवर होता. आत काय चाललंय ते दिसत नाही, हेच तुला सहन होत नव्हतं. "झाकून ठेवलेलं झाड कदी सरल होतं का?" असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचास. घरामागची केळीची वाडी तू पोटच्या पोरीसारखी सांभाळायचास, आणि चूक झाली ती तिथेच. पोटच्या पोरीलाही तू केळीसारखीच सांभाळायला गेलास. घडाच्या भाराने कललेल्या केळीला तू बांबूचा टेकू लावायचास आणि सोपटाने, म्हणजे केळीच्याच सुकलेल्या सालीने, गच्च आवळायचास. तुझी केळ वाऱ्यात कधी आडवी झाली नाही असं गावात म्हणायचे. एका सकाळी आई खाडीकडच्या शेतात लावणीला गेली आणि तू आजीला म्हणालास, "केलीचा खांब सरल करतो मी, तर पोरीचा पाय नाय होनार?" माझा पाय बादलीत बुडवलास, मऊ झालेलं प्लास्टर कोयत्याने कापलंस. कोयत्याने, बाबा. आत माझा पाय होता. मग बांबूची कांब चिरून, तासून, गुळगुळीत करून (आई म्हणते, तासलीस मात्र फार निगुतीने) ती पायाच्या बाहेरच्या अंगाला लावलीस आणि वरपासून खालपर्यंत सोपटाने आवळून टाकलंस.

झाडाला सूज येत नाही. माझ्या पायाला आली. मी रडून रडून गप्प झाले आणि तुम्हा मायलेकरांना वाटलं, चला, बरं वाटलं, झोपली. आई दुपारी शेतातून आली, मला पाजायला घेतलं, दुपटं बाजूला केलं, तर बोटं जांभळासारखी झालेली. तिने तोच कोयता उचलला आणि गाठी कापायला लागली. तू तिचे केस धरून मागे ओढलंस, "सोरू नको, आज सरल होयाला लागलाय" म्हणून. आईने मागे वळून बघितलंही नाही. तशीच कोयता मागे फिरवला. तुझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. तुझं रक्त माझ्या अंगावर सांडलं, दुपट्यावर सांडलं, आणि ती म्हणाली, "आता तुजा हात बांद. बग सरल होतं का." एवढं बोलून तिने राहिलेल्या गाठी कापल्या. शेजाऱ्याच्या टेम्पोत आपण तिघं हॉस्पिटलात गेलो. आई मधे, एका मांडीवर मी, दुसऱ्या बाजूला पंचा गुंडाळलेला हात धरून तू. त्या डॉक्टरने तुला सगळ्या वॉर्डासमोर शिव्या घातल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर पाय घोट्यातून कापावा लागला असता म्हणून सांगितलं. आई म्हणते, आयुष्यात तेवढा एकदाच तू कुणाच्या शिव्या मान खाली घालून ऐकून घेतल्यास. पाय वाचला. करंगळीचं शेवटचं पेर मात्र काळं पडलं, सुकलं आणि नखासकट गळून पडलं. आई बाकी सगळं सांगायची. या पेरापाशी आली की उठून आत जायची.

त्यानंतर पायाचं मोठं ऑपरेशन झालं. घोट्याच्या आतून टाचेमागे गेलेला तो व्रण अजून आहे, थंडीत ओढतो. आणि मग आले ते बूट. तुला आठवतात का रे? काळ्या चामड्याचे, घोट्यावर येणारे, दोन्हींच्या मधे लोखंडी पट्टी, म्हणजे पाय बाहेरच्या अंगाला फाकलेले राहावेत. झोपताना घालायचे, वर्षानुवर्षं. ऑपरेशन करून पाय सरळ होतो, पण हाडांची ओढ आतच असते, बूट चुकवले की ती पाय परत ओढून नेते; हे सगळं मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की देवापाशी दिवा लागला की तू हातपाय धुऊन येणार आणि मला जमिनीवर पाडणार. एक गुडघा माझ्या मांडीवर, एका हातात टाच, दाताने वादी ओढायचास. मी तुला चावले आहे. तुझ्या त्या फाटून शिवलेल्या हातावर चावले आहे, जिथे कातडी जाड आणि चकचकीत झाली होती, आणि तू हात मागे घेतला नाहीस. चावू दिलंस आणि दुसऱ्या हाताने माझ्या थोबाडीत मारलीस. आई मधे पडली तर तिलाही बसायची. आजी ओसरीवरून म्हणायची, "मारू नको रं, पोरीची जात." पोरीची जात म्हणून मार चुकवायचा, पाय गेला तरी चालेल, असंच तिचं म्हणणं होतं बहुतेक.

पण माराहून मला तुझा चिमटा जास्त लागायचा. पहाटे तू केळीची पानं आणि घड घेऊन बाजाराला निघायचास. निघण्याआधी माझ्यापाशी यायचास, पांघरूण वर करायचास, बुटातून बाहेर आलेली माझी बोटं एकेक करून दाबायचास. अंगठ्यापासून सुरुवात. तुझी नखं मातीने भरलेली, बोटं रेताड. मी जागी व्हायचे, दुखायचं, पण डोळे उघडले तर मार बसेल म्हणून पापण्यांच्या फटीतून बघायचे. सगळ्यात शेवटी करंगळी. तिथे नखच नाही, नुसतं थोटूक, तरी तिथे तू सगळ्यांत जास्त वेळ दाबून धरायचास. मग "झोप आता" म्हणायचास आणि निघून जायचास. मी मनात म्हणायचे, हा माणूस माझं जे तोडलं तेच रोज येऊन कुरतडतो. मला वाटायचं, बूट काढले की काय हे बघायला येतोस आणि काढले नाहीत म्हणून राग आला की चिमटा काढतोस. मुलांना अशीच कारणं सुचतात. मला दुसरं कारण कुणी दिलंही नाही.

म्हणून मी ते बूट बावखलात टाकले. वाडीच्या टोकाला आपलं ते बावखल होतं, पावसाचं गोडं पाणी वर्षभर धरून ठेवणारं, काठाला केवडा. शाळेत जायला लागले होते मी, पोरं मला "लंगडी घालते, लंगडी घालते" म्हणत मागून यायची, आणि मला वाटलं बूट गेले की सगळंच जाईल. पट्टीमुळे ते दगडासारखे खाली गेले. दिवेलागणीला तू विचारलंस, मी सांगितलं नाही. दोन तडाखे खाल्ल्यावर सांगितलं. तू धोतरासकट उडी घेतलीस. वर यायचास, श्वास घ्यायचास, परत बुडी. काठावर आई कंदील धरून उभी, मी तिच्या मागे, आणि मला खरं सांगायचं तर तू वर येऊ नयेस असं वाटत होतं. तू बूट घेऊनच वर आलास. डोळे लाल, मिशीला शेवाळ, आणि ओल्या बुटानेच मला मारायला लागलास. पाठीवर, दंडावर. पट्टीचा कोपरा भुवईपाशी लागला, तिथे अजून केस उगवत नाहीत. आई तुझ्या अंगावर धावली तर तू तिला चिखलात ढकललंस. मग मला तिथेच, बावखलाच्या काठावर पाडून ते गळके बूट घातलेस. माझ्या भुवईचं रक्त तुझ्या हातावर पडत होतं आणि तू वादी बांधत होतास. आणि बाबा, तू रडत होतास. मला तेव्हा वाटलं, पाण्याने डोळे चुरचुरत असतील.

एक गोष्ट मात्र मी मैत्रिणींना फुशारकीने सांगायचे. अर्नाळ्याच्या बाजारात एक दलाल मला बघून म्हणाला होता, "लंगडीला कोन करनार रे?" तू मला टोपलीवर बसवलंस आणि त्याच्याकडे गेलास. पहिल्या ठोशात त्याचं नाक फुटलं. तो खाली पडल्यावरही तू थांबला नाहीस. चार माणसांनी ओढलं तेव्हा थांबलास. त्याचा एक दात माझ्या टोपलीपाशी येऊन पडला होता. घरी येताना मला खांद्यावर घेतलंस, आणि तुझ्या सदऱ्यावरच्या त्या रक्ताचा वास मला घरापर्यंत येत होता. फुशारकी खरी, पण त्या दिवशी मला तुझ्या खांद्यावर बसायची भीती वाटत होती, हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. तुझ्याकडे प्रेमाला आणि रागाला एकच हात होता, आणि तो कधी कुठून येईल सांगता यायचं नाही.

तू वाडीत पंपापाशी पडलास आणि तिथेच गेलास, तेव्हा आई रडली, मी रडले नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय पोरीला. धक्का कसला, मला हलकं वाटत होतं. त्या रात्री मी पाय पसरून झोपले.

आता माझा पाय कसा आहे ते सांगते. सरळ आहे. मी चालते, लग्न झालं, त्या दलालाला कळवायला हवं होतं. बोळिंजला एका मेडिकल दुकानात औषधं देते, दिवसभर उभी असते. डावी पोटरी उजवीच्या निम्मी आहे. डावा पाय दोन नंबरांनी लहान, म्हणून चपलांचे दोन जोड घ्यावे लागतात आणि दोन्हींतली एकेक वाया जाते. घोटा जवळजवळ हलत नाही, उकिडवं बसता येत नाही, संध्याकाळी जिना चढताना मी कठड्याला धरून शिव्या देते. पोराच्या डॉक्टरांनी माझा पाय बघितला. म्हणाले, त्या काळी खूप कापायचे, असे पाय चाळिशीत आखडतात, दुखतात. आता कमीत कमी कापतात. दर आठवड्याला प्लास्टर, टाचेमागची शीर बारीकशी सोडवायची, आणि मग बूट, चारेक वर्षांचा होईपर्यंत. "खरं काम बुटांचं," ते म्हणाले. "आम्ही पाय सरळ करून देतो. तो सरळ ठेवणं घरच्यांच्या हातात."

घरच्यांच्या हातात. पहिल्या वेळी प्लास्टरच्या खोलीत मी गेलेच नाही. त्या ओल्या चुन्यासारख्या वासाने मला ओकारी यायची. सगळं नवऱ्याने केलं. तो शांत माणूस आहे, बाबा, मी मुद्दाम तसाच शोधला. आवाज चढवत नाही. प्लास्टर संपून बूट आले तेव्हा पोर रात्रभर किंचाळायचं. खालच्या मजल्यावरची बाई वर आली, "भाभी, मारता काय हो बाळाला? आवाज पूरा खालपर्यंत येतो." मी दार तिच्या तोंडावर आपटलं. आणि मी दुकानात संध्याकाळच्या पाळीला असले की माझा हा शांत नवरा पोराचे बूट काढून ठेवायचा. पोर शांत झोपायचं. मी यायच्या आधी बूट परत चढवायचा, वाद्या सैल. मला पत्ता नव्हता. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पाय हातात घेतला, फिरवला, आणि म्हणाले, "परत आत जातोय. बूट घालताय ना?" मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने खाली बघितलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "मला त्याचं रडणं बघवत नाही गं. थोडा वेळ तरी मोकळा झोपू दे म्हटलं." त्याच्या कडेवर पोर होतं. बूट सोफ्यावर पडले होते. मी ते पट्टीने उचलले आणि फिरवले. कुठे लागतील ते बघितलं नाही. नवरा मागे सरकला म्हणून वाचला. पट्टी फ्रिजच्या दारावर बसली, पत्रा आत गेला. परत उचलली. शोकेसची काच फुटली. मी ओरडत होते आणि माझ्या तोंडून आपल्या घरातली बोली येत होती, जी मी बाहेर कधी बोलत नाही. "पाय वाकरा झाला तं तू देशील तुजा?" नवऱ्याने पोराचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं, माझ्याकडे पाठ केली होती. पाठ केली होती, बाबा, म्हणजे मार पाठीवर यावा, पोराला लागू नये. आई अगदी अशीच उभी राहायची. मी पट्टी खाली ठेवली. काचा मीच गोळा केल्या. तळहात कापला, तेही बरं वाटलं.

दोन दिवसांनी नवरा म्हणाला, "या वेळी तू जा आत. मी बाहेर थांबतो." एवढंच. त्यात टोमणा नव्हता, पण मला ते लागलं.

तर आज मी आत गेले. पोराला मांडीवर घेतलं, दोन्ही हात धरले. डॉक्टर पाय वळवत होते, तो किंचाळत होता, मग त्याने माझ्या हाताला चावा घेतला. सगळे दात लावून. मी हात काढला नाही. दुसरा हात उचललाही नाही. एवढं मी तुझ्यापेक्षा वेगळं केलं, ते लिहून ठेवते, पण उचलावासा वाटला नाही असं लिहीत नाही. प्लास्टर मांडीपर्यंत आलं, बोटं तेवढी उघडी. मग तिथल्या सिस्टरने माझं बोट धरून त्याच्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं. "दाबा. पांढरं झालं? सोडा. बघा, गुलाबी आलं. रक्त फिरतंय. प्लास्टर असो की बूट, सूज कधीही येते. रोज सकाळी उठल्याउठल्या पहिलं हेच बघायचं, पाचही बोटं. काळंनिळं दिसलं तर तस्सं उचलून इकडे आणा." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "जोरात दाबावं लागतं, नाहीतर कळत नाही. रडतात पोरं, रडू दे." मी पुन्हा हो म्हटलं. तिने विचारलं, "काय झालं, चक्कर येते का?" मी म्हटलं, प्लास्टरच्या वासाने होतं मला.

दुपारी तो झोपून उठायच्या आत मी पांघरूण वर केलं आणि त्याची बोटं एकेक दाबली. अंगठ्यापासून. पांढरं, गुलाबी. पांढरं, गुलाबी. त्याला जाग आली, दुखलं असणार. तो रडला नाही. पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत राहिला, आणि ते बघणं मी ओळखलं. त्याला सांगायला हवं होतं की मी रक्त बघते आहे, चिमटा काढत नाही. दीड वर्षाच्या पोराला काय कळणार, असं मनाशी म्हटलं आणि "झोप आता" म्हणून पांघरूण घातलं. तूही बहुतेक असंच काहीतरी मनाशी म्हणाला असशील, आणि मग मी मोठी झाले तरी ते सांगायचं राहून गेलं.

तुला माफ केलं असं समजू नकोस. आईच्या कानफटाचं, बावखलाच्या काठाचं, कोयत्याचं, कशाचंच नाही. हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही, नवऱ्यालाही नाही. बुटांच्या खोक्यात तळाला राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्याची करंगळी धडधाकट आहे, तिला इवलंसं नख आहे, दाबून सोडलं की लगेच गुलाबी होतं. एकदा बघून पुरे असतं. मी तिथे कितीतरी वेळ दाबून धरते.